तिकिटाचे पैसे कुणी दिले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



दरवर्षी २० मार्चला आमच्या महाडमध्ये माणसांची रीघ लागते. चवदार तळ्याच्या काठावर उभं राहायलाही जागा मिळत नाही. विदर्भातून, मराठवाड्यातून, मुंबईतून लोक येतात, तळ्याचं दर्शन घेतात, पुस्तकांच्या दुकानांतून पिशव्या भरून घेतात आणि रात्रीच्या गाडीनं परत जातात. १९२७ साली बाबासाहेब कुठून चालत आले, तळ्यात कुठल्या बाजूनं उतरले, परिषद कुठं भरली, हे तपशिलानं सांगणारी माणसं गावात आहेत. पण बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले, हा प्रश्न तळ्याकाठी कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आज मला त्या तिकिटाबद्दल बोलायचं आहे. म्हणजे परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना सरकार जी मदत करतं, तिच्याबद्दल. मी स्वतः बी.ए.च्या पुढे गेलो नाही. पण महाड आणि पोलादपूरकडची मुलं अर्ज लिहून घ्यायला, मराठीतला दाखला समजून घ्यायला माझ्याकडे येतात. कवीला अर्ज चांगला लिहिता येतो, असा एक गैरसमज आमच्याकडे आहे. तो मी दूर केलेला नाही.

आधी बडोद्याला जाऊ. १९१३ च्या फेब्रुवारीत भीमरावांचे वडील गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. जूनमध्ये करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र घेतलं, त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र घेतलं. पोटाला चिमटा काढून जुन्या बाजारातून पुस्तकं घेतली. १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला आले, तिथं अर्थशास्त्राच्या विद्यालयात नाव घातलं, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातलं. आणि मुदत संपली. संस्थानचं बोलावणं आलं. लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली, एवढीच काय ती शिल्लक.

१९१७ साली ते परतले. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीनं येत होतं ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. पुस्तकं गेली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून त्यांनी बडोद्याला जायचा खर्च भागवला. करार पाळायला गेले ते असे.

बडोद्यात काय झालं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एवढा शिकून आलेला माणूस, पण राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली. सामान घेऊन ते बाहेर पडले, दिवस सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार तिथंच संपला. या आठवणींच्या छोट्या इंग्रजी पुस्तकाचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असं आहे. व्हिसाची वाट पाहताना. त्यात परदेशाच्या व्हिसाचा प्रश्नच नाही. आपल्याच देशात आपल्याला आत कोण घेतं, हा प्रश्न आहे.

आता बडोद्याच्या हिशेबनिसाच्या जागी क्षणभर बसून पाहा. संस्थाननं तीन वर्षांहून अधिक काळ पैसे पाठवले. मुलगा लंडनची पदवी अर्धवट टाकून आला. कराराची नोकरी त्यानं केली नाही. वहीत काय लिहाल? ‘रक्कम बुडाली’ असंच लिहाल. वही खोटी नसते, पण वहीला रकाने ठराविक असतात.

लंडनचा राहिलेला अभ्यास पुरा करायला त्यांना आणखी तीन वर्षं थांबावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये कर्ज दिलं, तेव्हा १९२० साली बोट पकडता आली. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध मान्य झाला. त्याच वर्षी ते परतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. ते कागदावरच राहिलं, म्हणून १९२७ चा मार्च उगवला.

इथं थोडं माझ्या गावाबद्दल. २० मार्चला पाणी पिऊन झाल्यावर लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काही जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची तर कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या गृहस्थानं आपली जमीन दिली. त्या जमिनीवर मांडव पडला, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती तिथंच. माझ्या लहानपणी घरात हे नाव मोठ्या आवाजात कुणी घेत नसे आणि लपवतही नसे. आपल्यातल्या एकानं जागा दिली होती, एवढंच सांगत. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला. तळं सार्वजनिक ठरलं.

बडोद्याच्या वहीत बुडालेली रक्कम अशी महाडला येऊन निघाली. ज्या गावाशी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीचा काडीचा संबंध नव्हता, त्या गावाला तिचं व्याज मिळालं.

मला मुद्दा सांगायचा आहे तो हा. सरकारनं शिकायला पैसे द्यावेत, ते मध्येच तोडू नयेत, आणि पैसे देऊन मुलाचा प्रश्न विकत घेऊ नये. काय शिकायचं ते त्याला ठरवू द्यावं. तो काय घेऊन परत येईल, कुठल्या गावाच्या उपयोगी पडेल, हे देणाऱ्याला आधी कळत नाही. सयाजीरावांसारख्या जाणत्या राजालाही कळलं नव्हतं.

विषयाचीच गोष्ट घ्या. १९१६ च्या मे महिन्यात पंचविशीतल्या भीमरावांनी कोलंबियात एक निबंध वाचला, भारतातल्या जातींवर. जात कशी जन्मली, कशी पसरली, कशी टिकली, हे त्यात मांडलं. देणारं संस्थान होतं हिंदुस्थानातलं, शिकणारा अस्पृश्य मानलेला, विषय जात आणि ऐकणारे न्यूयॉर्कमधले विद्यार्थी. हे असं जुळून आलं म्हणून तो निबंध झाला.

आता २०२२ साली या. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पन्नासच्या दशकापासून चालू आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, आणि सगळ्या देशात मिळून जागा १२५. त्या वर्षी नव्या नियमांत एक वाक्य आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारचं म्हणणं असं, की या विषयांचे जाणकार आणि साधनं इथंच आहेत. मग त्यासाठी परदेशी कशाला जायचं? वरवर पाहता बरोबर वाटतं. पण गावातल्या माणसाला विचारा. घरातल्या भांडणाबद्दल घरात बसून बोलता येत नाही, चार पावलं बाहेर जावं लागतं. ज्याला गावात पाणी मिळत नाही त्यानं पाण्याचा इतिहास गावातच बसून लिहावा, हा आग्रह मला पटत नाही. या नियमानं पाहिलं तर १९१६ चा तो निबंध शिष्यवृत्तीत बसला नसता.

गुणांचं तसंच. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जातीच्या ७५ मुलांना दरवर्षी ती मिळते. योजना चांगली आहे, तिच्यावर शिकून आलेली माणसं आज वरच्या जागांवर आहेत. २०२४ साली तिच्यात नव्या अटी घातल्या गेल्या. त्यातली एक अशी, की दहावीपासून प्रत्येक परीक्षेत ७५ टक्के गुण हवेत. मुलांनी आवाज उठवला, आणि त्या अटी मागे घेतल्या गेल्या. सरकारनं ऐकलं, हे नोंदवलं पाहिजे. पण ही अट लिहिणाऱ्याला एक आकडा कुणीतरी दाखवायला हवा होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. सदतीस-अडतीस टक्के. ज्या शाहू महाराजांच्या नावाची ही योजना, त्यांनी या मुलाला मदत करताना मॅट्रिकची गुणपत्रिका मागितली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या तालुक्याची दुसरी एक गोष्ट सांगतो. रायगडाच्या वाटेवर नाते नावाचं गाव आहे. १८९६ साली तिथं चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. घर शिकलेलं, वडील वकील. मुलगा संस्कृतात हुशार, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा. केंब्रिजला जाऊन त्यानं काय घेतलं? निसर्गविज्ञान. वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक पटकावलं. पुढे आय.सी.एस. झाले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नोटांवर सही या वनस्पतिशास्त्रज्ञाची. नंतर देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, आणि फावल्या वेळात मेघदूताचं मराठी भाषांतर. एकानं रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला तो चवदार तळ्यावर आला. दुसऱ्यानं पानं-फुलं अभ्यासली तो रुपया सांभाळायला बसला. विषयाच्या उपयोगाचं गणित मांडणाऱ्यांना महाड तालुका अवघड जाईल.

तिसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या समुद्राकडची, आणि ती मला जास्त जवळची आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाजली. त्यांची धाकटी बहीण अतिया फैजी. १९०६ साली ही मुलगी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेली, शिक्षिका होण्यासाठी, मारिया ग्रे अध्यापक विद्यालयात. १९०६ साल लक्षात घ्या. मुसलमान घरातली मुलगी, सरकारच्या खर्चानं, शिकायला विलायतेला. तब्येत बिघडली आणि वर्षभरानं अभ्यासक्रम पुरा न करताच ती परतली. पुन्हा वहीत तोच शेरा: अपूर्ण. पण तिथून ती घरी रोजनिशीसारखी पत्रं लिहीत होती. ती लाहोरच्या बायकांच्या एका उर्दू साप्ताहिकात छापून येत होती. १९२१ साली त्यांचं पुस्तक झालं, ‘जमाना-ए-तहसील’. शिक्षणाचा काळ, असा त्याचा अर्थ. जवळजवळ नव्वद वर्षांनी, २०१० साली, इंग्रजी भाषांतरासह त्यावर अभ्यासग्रंथ निघाला. पदवी नाही मिळाली. पण घरात बसलेल्या किती बायकांनी ती पत्रं वाचून आपल्या मुलीला शाळेत घातलं असेल, याचा रकाना कुठल्याही खात्याकडे नाही.

आमच्या कोकणी मुसलमान घरांत ‘बाहेर गेला’ म्हटलं की नोकरीला गेला असा अर्थ व्हायचा. आजोबांच्या पिढीत बोटीवर, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनकडे; नंतर कुवेत, दुबई, सौदी. घरात रेडिओ, घड्याळ, अत्तर यायचं. पासपोर्ट आमच्याकडे पदवीच्या आधी आला. शिकायला बाहेर गेली, तेही मुलगी, हे वाक्य आमच्या बोलीत अजून नवंच आहे.

ते वाक्य ऐकायची पाळी गेल्या वर्षी पोलादपूरकडच्या एका घरावर आली. मुलीचं नाव सांगत नाही. वडील फळांची गाडी लावतात. मुलगी भूशास्त्रात बी.एस्सी. झालेली. हा विषय तिनं का घेतला ते तिनंच मला सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं. तळियेवर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यात साखरला, केवनाळ्यात दरडी कोसळल्या. ती तेव्हा महाडला मावशीकडे राहून शिकत होती. तिच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका चिखलात गेल्या. मंडळाकडून दुय्यम प्रती मिळाल्या, पण त्यासाठी चकरा झाल्याच. तिला दरडींचा अभ्यास करायचा आहे. डोंगर कधी सुटतो, का सुटतो, आधी कळू शकतं का. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळाला.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एका फलकाचा फोटो होता. एका कार्यालयाच्या भिंतीवरचा. ‘पढो परदेश’. म्हणाली, “चाचा, ही योजना आपल्याला लागू आहे ना?”

लागू होती. केंद्र सरकारनं २०१३-१४ मध्ये ती सुरू केली होती, अल्पसंख्याक समाजातल्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत, परदेशात पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन, आणि त्यासाठी बँकेचं कर्ज. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर ठराविक मुदतीपर्यंत त्या कर्जाचं व्याज सरकार भरायचं. ३५ टक्के जागा मुलींसाठी राखीव. २०२२-२३ पासून ती बंद झाली. आधी मंजूर झालेली कर्जं तेवढी सांभाळली गेली. सरकारनं कारण दिलं की शैक्षणिक कर्ज आता सहज मिळतं, व्याजात सूट देणाऱ्या इतर योजना आहेत. फलक मात्र भिंतीवर राहिला. फलक काढायचं काम कुणाच्याच टेबलावर नसतं.

व्याज हा शब्द आमच्या घरांत नुसता हिशेबाचा नाही. ‘सूद’ म्हटलं की वडीलधारी माणसं गप्प होतात. त्या मुलीचे वडीलही झाले. मला तेव्हा वाटलं, ‘पढो परदेश’नं नकळत एक अडचण सोडवली होती. व्याज द्यायचंच होतं, पण ते बापाच्या खिशातून जात नव्हतं, आणि एखादा बाप त्या निमित्तानं डोळे मिटून हो म्हणायचा. दिल्लीतल्या फायलीत ही गोष्ट आली नसणार.

मग दुसरे दरवाजे. महाराष्ट्र सरकारनं अलीकडे अल्पसंख्याक मुलांसाठीही परदेशी शिष्यवृत्ती आणली आहे, हे चांगलं झालं. पण जागा मोजक्या, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत बरंच वर असावं लागतं. हिचं विद्यापीठ त्यात बसत नाही. आता क्रमवारी लागते ती सगळ्या विद्यापीठाची. दरडींचा विभाग उत्तम असला आणि बाकीचे साधारण असले, तर उत्तम विभाग यादीबाहेर. मुंबईचा दवाखाना निवडताना आपण इमारत किती मजली आहे ते बघत नाही, त्या दुखण्याचा डॉक्टर कोण आहे ते बघतो.

शिष्यवृत्ती मिळाली तरी सुरुवातीचे पैसे घरचेच लागतात, आणि खेड्यातलं घर नेमकं तिथं अडतं. इंग्रजीच्या परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. परीक्षेला मुंबई किंवा पुणे. प्रवेश पक्का करायला अनामत रक्कम, ती पौंडात. ब्रिटनचा व्हिसा हवा तर फीचा उरलेला भाग आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम मुलीच्या किंवा आईबापाच्या खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचं दाखवावं लागतं. फळांची गाडी लावणाऱ्याच्या खात्यात पैसा २८ तास राहत नाही. सकाळी बाजारात जातो, रात्री परत येतो. बरं, बँकेचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र यासाठी चालतं. पण एका बँकेत त्यांना तारण मागितलं, आणि घर आहे ते सहा भावांच्या सामायिक सातबाऱ्यावर. उत्पन्नाचा दाखला तहसिलातून निघाला तो व्यवस्थित निघाला, तिथं मात्र कुणी अडवलं नाही. अडवतात ते नियम, टेबलापलीकडचा माणूस बहुधा नाही. त्यालाही वरून आलेला कागदच वाचून दाखवायचा असतो.

एक उलटी बाजूही पाहू. आपण मुलं पाठवतो तशी आपल्याकडेही येतात. १९५० साली मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. आशिया-आफ्रिकेतली हजारो मुलं तिच्या शिष्यवृत्तीवर भारतात शिकली, पुण्यात तर खूपच. देश नुकताच स्वतंत्र झालेला, तिजोरीत फार काही नव्हतं, तरी परक्या मुलांना शिकवायचा खर्च आपण काढला. आणि पैसे दिले म्हणजे झालं असं नाही, हे पुण्यातच एका प्राध्यापकाला दिसलं. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं आजारी होता, आणि एक परदेशी मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. ते पाहून परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना वाटलं. त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली. पुढे तिचं मोठं विद्यापीठ झालं, फीही मोठी झाली, तो वेगळा विषय. पण सुरुवात खिडकीतल्या त्या डब्यापासून आहे. बडोद्यात भीमरावांना डबा सोडाच, खोलीही मिळाली नव्हती.

सरकारकडे माझी मागणी फार मोठी नाही. ‘पढो परदेश’ किंवा तसंच काही पुन्हा सुरू व्हावं, आणि सुरू झालं तर एका अर्थसंकल्पात आलं नि दुसऱ्यात गेलं असं होऊ नये. मूल शिकायला गेलं की ते परत येईपर्यंत तरी नियम बदलू नयेत. विषयावर बंदी नसावी. क्रमवारी पाहायचीच तर त्या विषयाची पाहावी. आणि सुरुवातीच्या खर्चासाठी, म्हणजे परीक्षा, अनामत, व्हिसा यासाठी, जिल्ह्याच्या पातळीवर बिनव्याजी उचल मिळावी. शिष्यवृत्ती हातात आली की त्यातून वळती करून घ्यावी. शेतकऱ्याला पेरणीआधी कर्ज लागतं, कापणीनंतर नाही, हे ज्या सरकारला समजतं त्याला हेही समजायला हरकत नाही. तोवर आमच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ दोन निवृत्त शिक्षक आणि मी बसतो. कुठली योजना चालू, कुठली बंद, शेवटची तारीख कोणती, एवढं एका वहीत लिहून ठेवतो. बंद योजनेसमोर लाल पेनानं बंद असं लिहितो. भिंतीवरच्या फलकाला आम्हाला हात लावता येत नाही.

पोलादपूरच्या त्या मुलीनं प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवावा असा अर्ज विद्यापीठाला केला आहे. इंग्रजी तिचंच, मी फक्त विरामचिन्हं पाहिली. मधल्या काळात ती महाडला एका शाळेत विज्ञान शिकवते आणि पगारातला अर्धा भाग वेगळ्या खात्यात टाकते. सुट्टीच्या दिवशी साखरकडच्या डोंगरावर जाऊन भेगा कुठं आहेत ते मोजते, वहीत उतरवते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, या पावसाळ्यात एक भेग बोटभर रुंदावली आहे. विद्यापीठाचं उत्तर अजून आलेलं नाही.